चालतंय ना?

मराठी भाषेत शिव्या पुष्कळ आहेत आणि शाप त्यांहूनही पुष्कळ आहेत. पण ह्या सगळ्यांनी मिळून जेवढी माणसे जायबंदी केली नसतील, तेवढी एका साध्या, घरगुती, हसतमुख वाक्याने केली आहेत. ते वाक्य म्हणजे ‘चालतंय ना?’ शेगडीची रबरी नळी चिरली आहे, चालतंय ना? गच्चीचा कठडा हलतो आहे. अजून उभा आहे ना? तीन मुलांच्या रिक्षात आठ मुले कोंबून शाळेला धाडली आहेत; पोचतात ना? मग झाले तर! शेवटी प्रश्नचिन्ह असले तरी हे वाक्य प्रश्न नव्हे. पुढचा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून दाराला लावलेला तो अडसर आहे.

ह्या वाक्यावर आज मी दात धरून आहे, आणि तेही गवत कापण्याच्या एका यंत्रापायी. दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी, ट्रॅक्टर आणि गवत कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याने क्षणभर धीर धरावा. कोणावर किती ओझे टाकावे, हा प्रश्न प्रत्येक घरात रोज निघतो. माझ्या वाट्याला तो ट्रॅक्टरच्या रूपाने आला एवढेच. आणि आला तेव्हा मी त्याचे उत्तर चुकलो.

आमचे घर वसई तालुक्यात, निर्मळ आणि आगाशी यांच्या मधल्या पट्ट्यात. जुन्या वसईची वाडी ज्याने पाहिली आहे त्याला तिचे वर्णन नको, आणि ज्याने पाहिली नाही त्याला ते करून पटायचे नाही. विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाभोवती फिरणारा रेडा, पाटातून खळखळत केळीच्या आळ्यांत जाणारे पाणी, पलीकडे पानवेलीचा मांडव आणि कडेला मोगरा. लहानपणी रहाटाच्या कुरकुरीवरच आम्ही जागे होत असू. पुढे रहाट गेले, पंप आले. रेडा गेला, ट्रॅक्टर आला. २००९ साली आमची गावे महानगरपालिकेच्या नकाशात गेली, २०१४ साली आम्ही ठाणे जिल्ह्याचे पालघर जिल्ह्याचे झालो, आणि ह्या साऱ्या धामधुमीत कितीतरी वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जिथे इमारत नाही तिथे ‘लॉन’ आले. लॉन म्हणजे केळी उपटून, पाट बुजवून, वर हिरवळ अंथरून, लग्नाच्या मोसमात भाड्याने द्यायची जागा. अर्नाळ्यापासून भुईगावापर्यंत समुद्रकाठच्या विश्रामगृहांतूनही अशीच हिरवळ पसरली आहे. ज्या मातीतून लोक खायचे काढीत, त्या मातीतून आता पाहायचे काढतात. त्याबद्दल माझे भांडण वेगळे आहे आणि ते पुन्हा केव्हातरी.

आमच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे. अठरा अश्वशक्तीचा. बाबांनी तो जुनाच विकत घेतला होता, आणि आता बाबाही नाहीत. नारळीच्या दोन ओळींमधून वळू शकेल एवढाच त्याचा आकार. बाबा त्याच्यावर हलका नांगर जोडीत, कधी छोटी ट्रॉली लावीत. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालीत. आमच्या पलीकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला भाताची नवी कणसे चर्चमध्ये नेतात. ते शेजारी त्यांतले एक कणीस आठवणीने आमच्या ट्रॅक्टरलाही अडकवीत. एवढा तो सर्वांच्या मायेतला होता. बाबांनंतर वाडी अर्धी झाली, ट्रॅक्टरला काम राहिले नाही, आणि तो शेडमध्ये धूळ खात पडला.

अशात शेजारच्या लॉनवाल्यांना गवत कापायचे यंत्र घ्यायचे झाले. त्यांनी एक मोवर पाहून ठेवला होता. ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांनी एक मोठी पोलादी परात उपडी घातली आहे अशी कल्पना करावी. तिच्या पोटात धारदार पाती गरगर फिरतात आणि परात गवतावरून सरकत जाते. हा मोवर पाच फुटी होता, जाड पत्र्याचा, वजनाने २२० किलो. ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांवर तो अडकवायचा, ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकने उचलायचा आणि ट्रॅक्टरच्या मागून निघणाऱ्या फिरत्या दांड्याने, म्हणजे पीटीओने, त्याची पाती फिरवायची. विक्रेत्याने विचारले, ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा? अठरा. मग ओढेल आरामात! ह्या एका वाक्यावर सौदा झाला. लॉनवाले माझ्याकडे आले. ट्रॅक्टर तुमचा, मोवर आमचा, चालवणारा मुलगा आमचा, भाडे महिन्याच्या महिन्याला. पडून राहिलेल्या वस्तूला पैसे मिळतात म्हटल्यावर कोण नको म्हणेल? मी हो म्हटले.

चालवणारा मुलगा पूर्वेकडच्या, पारोळ बाजूच्या एका पाड्यावरचा. वय एकवीस-बावीस. पहिल्याच दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘काका, मोवर उचलला की पुढून हलका लागतो. स्टिअरिंग फिरवतो, पण तो वळत नाही.’ मी तेव्हा ओटीवर पेपर वाचीत होतो. पेपरातून डोके वर न काढता मी म्हणालो, ‘पण चालतंय ना?’ तो म्हणाला, ‘चालतंय.’ आणि गेला.

त्यानंतर तीन आठवडे खरोखरच चालले. चौथ्या आठवड्यात एका तुकड्याचे गवत कापून झाल्यावर त्याने मोवर उचलला आणि पलीकडच्या तुकड्यात जाण्यासाठी ट्रॅक्टर जुन्या बांधावर घातला. पाट बुजवले होते, पण तो बांध तेवढा उरला होता. चढाला पुढची चाके जमीन सोडून वर आली. त्याने घाबरून एका बाजूचा ब्रेक दाबला. ट्रॅक्टर आडवा फिरला, घसरला आणि कुशीवर पडला. मुलाचा पाय खाली सापडला. मांडीचे हाड मोडले. पाय वाचला, जीव वाचला, ह्याबद्दल त्याच्या आईने देवाचे आभार मानले. मी मात्र देवाकडे त्या दिवसापासून मान वर करून पाहू शकलेलो नाही.

आता ह्या अपघातावर गावात जे बोलले गेले ते ऐका. एक म्हणाला, पोरगा नवखा होता. दुसरा म्हणाला, ट्रॅक्टर जुना होता. तिसरा म्हणाला, वेळ वाईट होती. लॉनवाले म्हणाले, बांधच तो, आधीच काढायला हवा होता. मुलाचा, ट्रॅक्टरचा, ग्रहांचा आणि बांधाचा दोष निघाला. वजनाचा दोष कोणी काढला नाही, कारण वजन कोणी केलेच नव्हते. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण सर्वांनी पाठ केली आहे. पण निदान झोपा तरी करावा! आमच्याकडे बैल गेल्यावर बैलाची पत्रिका काढून पाहतात.

म्हणून मी नंतर बसून हिशेब केला. तो इथे देतो, कारण सहावीतले मूलही तो करू शकते आणि मी तो केला नव्हता. आमच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे ७५० किलो. सपाटीवर त्यातले ३०० किलो पुढच्या चाकांवर आणि ४५० मागच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर १४० सेंटिमीटर. मोवर उचलल्यावर त्याचा भार मागच्या आसाच्याही मागे सुमारे ११० सेंटिमीटरवर लोंबतो. म्हणजे मागचा आस हा बागेतल्या झोपाळफळीचा टेकू झाला. एका टोकाला मोवर, दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरचे नाक. २२० ला ११० ने गुणा आणि १४० ने भागा. उत्तर १७३. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उतरले. राहिले १२७. ट्रॅक्टर हाताच्या ताब्यात राहायचा तर त्याच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा, असा जाणत्यांचा दंडक आहे. आमच्या ट्रॅक्टरला तो १५० किलो होतो. म्हणजे सपाट अंगणातसुद्धा आम्ही दंडकाच्या खाली होतो. मग बांधाचा चढ आला की पुढचे वजन आणखी मागे सरकते, आणि पंधरा अंशांच्या चढाला ते जवळजवळ शून्यावर येते. गवत कापताना हे उमगत नाही, कारण तेव्हा मोवर आपल्या चाकांवर जमिनीला टेकलेला असतो आणि आपला भार आपण सोसतो. उचलला की सारा भार ट्रॅक्टरवर. म्हणूनच तीन आठवडे ‘चालले’! तो मुलगा मला हेच सांगत होता. त्याला हिशेब येत नसेल, पण त्याच्या तळहाताला तो कळला होता. मला हिशेब येत होता आणि मी पेपर वाचीत होतो.

आपला बाप-आजा अडाणी होता असे आपण मानतो. पण ह्या बाबतीत तो आपल्याहून शंभरपट शहाणा होता. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. जिथे जू टेकते त्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. हा नुसता लाड नव्हे. वर्षातून एकदा तरी मालकाचा स्वतःचा हात त्या खांद्यावरून फिरतो आणि कुठे सूज आहे, कुठे कातडे सोलवटले आहे, हे त्याला कळते. १९१० साली किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या लोखंडी नांगराचा कारखाना मांडला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी भ्याले, ही गोष्ट आपण हसून सांगतो. हसायला हरकत नाही. पण त्याच शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही: नांगर जड असेल तर बैलजोड्या वाढवायच्या. काळ्या रानात खोल जाणाऱ्या नांगराला तो दोनाचे चार, चाराचे सहा आणि सहाचे आठ बैल जुंपी. एकाच म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर तो नांगर टाकून ‘चालतंय ना?’ असे त्याने विचारले नाही. तसे कोणी केले असते तर गावाने त्याला पाणी पाजले नसते.

जे रूढीने सांगितले ते पुढे कायद्यानेही सांगितले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ साली आले. बैल लहान की मोठा, गाडीला चाके कोणत्या जातीची, हे पाहून ओझ्याची मर्यादा त्यांत ठरवली आहे. मोठा, लांबलचक चढ असेल तर मर्यादा निम्मी. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही, सलग पाच तासांपेक्षा अधिक नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपणेच नाही. चढाला ओझे निम्मे करावे, ही गोष्ट बैलाच्या बाबतीत सरकारला कळली. ट्रॅक्टरच्या बाबतीत ती माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला कळू नये?

यंत्राला खांदा नसतो असे आपल्याला वाटते, हेच ह्या अनर्थाचे मूळ आहे. यंत्राला खांदा असतो. पुढच्या आसाची पिन, हायड्रोलिकचे हात, तिन्ही सांध्यांच्या खिळी, चाकांची बेअरिंगे, क्लच आणि ब्रेक, हे त्याचे खांदे. तिथे सूज येत नाही, रक्त येत नाही, म्हणून आपण ओझे टाकत जातो. झेंडूची माळ मात्र बॉनेटला घालतो.

ट्रॅक्टर आणि त्याचे अवजार ह्या दोन वस्तू आहेत असे समजणे हीच पहिली चूक. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. त्या काळी ट्रॅक्टरच्या मागे नांगर साखळीने ओढीत. नांगर खडकात अडकला की ट्रॅक्टर पुढून उभा राही आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडे. फर्ग्युसनने नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला असा बांधला की दोहोंचे मिळून एकच यंत्र व्हावे आणि नांगराचा ओढा ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून धरावा. आज जगातले बहुतेक ट्रॅक्टर ह्याच तीन सांध्यांवर अवजारे उचलतात. माणूस चिरडू नये म्हणून जी जोडणी निघाली, तिच्यावरच वाटेल ते वजन टांगून आम्ही माणूस चिरडायला निघालो! सांधा जुळला की जोडी जुळली, असे समजून. लग्न जुळवताना आपण किती गोष्टी पाहतो आणि इथे नुसते बोटात बोट बसले की अक्षता टाकतो.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणेही मांडले पाहिजे. ते मी नित्य ऐकतो.

पहिला म्हणतो, अश्वशक्ती पुरेशी असली की झाले. अहो, अश्वशक्ती म्हणजे ओढायची ताकद. तोल ही वेगळी गोष्ट आणि थांबायची ताकद आणखी वेगळी. पैलवान गडी जिना चढेल म्हणून त्याच्या डोक्यावर कपाट देऊन त्याला ओल्या फरशीवर पळवावे काय? शिवाय अश्वशक्तीचाही हिशेब कच्चाच होता. दाट गवत कापायला मोवरच्या प्रत्येक फुटामागे पाचेक अश्वशक्ती धरावी असा ठोकताळा आहे. पाच फुटांना पंचवीस. लॉनच्या सुकलेल्या बारीक गवताला कमी पुरते हे खरे, पण आमच्या वसईच्या श्रावणातले गवत विक्रेत्याने पाहिलेले दिसत नाही.

दुसरा म्हणतो, पुढे वाळूची दोन पोती टाका, तोल येईल. ह्यात अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे हे पुष्कळदा पुऱ्या खोट्याहून घातक. पुढे वजन बांधण्याची रीत आहे. त्यासाठी ट्रॅक्टरच्या नाकाशी खास जागा असते आणि बोल्टाने घट्ट बसणारी बिडाची वजने मिळतात. तरी त्याने तोल सुधारला तरी एकूण ओझे वाढतेच. ते म्हाताऱ्या बेअरिंगांनी पेलायचे आणि झिजलेल्या ब्रेकांनी थोपवायचे. आणि बॉनेटवर ठेवलेले पोते बांधावर घसरले की उरलासुरला तोलही घेऊन जाते.

तिसरा मिशीवर ताव देऊन म्हणतो, जुने लोखंड आहे साहेब, आजच्यासारखे पत्र्याचे नव्हे! जुन्या लोखंडाचा मलाही अभिमान आहे. पण लोखंडही थकते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता मोडला आणि मोठा संहार झाला. पुढे जर्मनीत व्हेलर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की जो भार लोखंड एकदा सहज पेलते, त्याहून बराच कमी भार लाखो वेळा येत-जात राहिला तर ते मोडते. वरून काही दिसत नाही. आतल्या आत चीर वाढत असते. तेव्हा ‘इतकी वर्षे चालले’ हा पुढे चालण्याचा पुरावा नव्हे. उलट, आता जपा, अशी ती सूचना आहे.

चौथा म्हणतो, अमेरिकेत सर्रास चालते. चालते ना! तिथे घरामागच्या हिरवळीवर बसून फिरवायचे छोटे ट्रॅक्टर असतात. पुष्कळांकडे १९६०-७० च्या काळातले अजून जपलेले आहेत, आणि त्यांच्या पोटाखाली नव्या काळची रुंद, जाड पत्र्याची पेटी टांगायची हौस तिथेही आहे. तिथे भार पोटाखाली असल्यामुळे नाक उचलले जात नाही. पण चौकट वाकते, पुढच्या आसाची भोके रुंदावतात, उचलायचा दांडा पिळतो. रीत वेगळी, प्रश्न तोच: हे यंत्र ह्या वजनासाठी घडवले होते काय? आणि परदेशाचे उदाहरण घ्यायचेच तर स्वीडनचे घ्या. ट्रॅक्टर उलटून माणसे मरतात हे पाहून त्या देशाने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याच्या डोक्यावर लोखंडी संरक्षक कमान सक्तीची केली, आणि पुढे तसे मृत्यू फार कमी झाले. आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर कमान नाही. छत्री बांधायला मात्र नळी आहे.

पाचवा म्हणतो, छोटा मोवर घेतला तर वेळ किती जाईल! हा हिशेबही करून टाकू. ताशी चार किलोमीटरच्या चालीने एक एकर कापायला, वळणे सोडून, पाच फुटी मोवरला चाळीस मिनिटे लागतात. तीन फुटीला लागतात सुमारे सत्तर. म्हणजे आम्ही काय वाचवत होतो? एकरामागे अर्धा तास! त्या अर्ध्या तासासाठी एका मुलाचे चार महिने गेले, आणि त्याचे लंगडणे अजून गेलेले नाही.

ह्या सगळ्यांच्या मागे एक नवे तत्त्वज्ञान उभे आहे, त्याचे नाव जुगाड. २०१२ साली हा शब्द एका इंग्रजी पुस्तकाच्या नावात चढला आणि तेव्हापासून तर जुगाड म्हणजे भारताची प्रतिभा असे सुटाबुटातले लोकही सांगू लागले. गरिबाने आपल्या अडचणीतून आपल्या हिकमतीने वाट काढली तर मी त्याला मुजरा करीन. त्यात धोका असला तरी तो त्याचा स्वतःचा असतो. पण ज्याला अडचण नाही, त्याने पैसे वाचवण्यासाठी काढलेली वाट आणि त्या वाटेवर चालायला पाठवलेला दुसऱ्याचा मुलगा, ह्याला प्रतिभा म्हणत नाहीत. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला नांगर आहे. आजवर मी पाहिलेल्या असल्या एकाही जोडणीच्या आसनावर ती जोडणी ठरवणारा माणूस बसलेला मला दिसला नाही. मीही नव्हतो.

आणि हे कुठे घडते? आमच्या ह्या जिल्ह्यात! इथले गवत वर्षानुवर्षे गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात आले. ते विळ्याने कापीत ती डोंगरातली माणसे. १९४५ साली तलासरी, उंबरगाव, डहाणू भागातले वारली गोदावरी परुळेकरांच्या बरोबर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक अशी होती: पाचशे पौंड गवत कापले तर अडीच रुपये मिळालेच पाहिजेत. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसे मेली. ज्यांना लिहायला येत नव्हते, त्यांनी गवताचे वजन आणि माणसाच्या कष्टाचे मोल एका ओळीत मांडून दाखवले. आणि ऐंशी वर्षांनी, तसल्याच एका पाड्यावरचा मुलगा मला वजनाची गोष्ट सांगायला आला, तेव्हा मी त्याला दोन शब्दांत वाटेला लावले.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जुन्या छोट्या ट्रॅक्टरला कोणतेही अवजार जोडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे आकड्यांत मागा. अवजाराचे वजन किती? ते उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन उरते? आणि एवढ्या ओझ्यासह उतारावर ब्रेक लागतो का? वजन सांगता येत नसेल तर गावात वजनकाटा आहे. पुढची चाके काट्यावर घाला आणि मोवर उचलून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. विक्रेत्याने अश्वशक्तीशिवाय दुसरे काही विचारले नाही तर त्या दुकानातून उठून या. पीटीओच्या दांड्यावर आच्छादन असल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू देऊ नका. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचे टोक त्यात सापडले तर एका सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळले जाते, आणि माणूस एका सेकंदात ‘अरे’ एवढेच म्हणू शकतो. मळणीयंत्रांत असेच हात गेले, तेव्हा कुठे १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. मोवरच्या पात्याचे टोक तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने फिरते. लग्नाच्या मंडपातून राहिलेला एक खिळा त्याला पुरतो. म्हणून कापण्याआधी जमीन झाडून घ्या आणि मुलांना तिथून हाकला. लॉन मोठे आणि ट्रॅक्टर लहान असेल तर मोवर लहान घ्या. तेही नको असेल तर लॉन लहान करा. उरलेल्या जागेत केळी लावा. तिला मोवर लागत नाही.

आणि सर्वांत शेवटची मागणी, जिला एक पैसाही लागत नाही. चालवणारा येऊन ‘पुढून हलका लागतो’ म्हणाला तर पेपर खाली ठेवा.

मी तो मोवर परत पाठवला आहे. मुलाच्या औषधपाण्याचा खर्च मी आणि लॉनवाल्यांनी मिळून दिला. तो दिला ह्यात उपकार नाहीत. द्यावा लागला ह्यात आमची लाज आहे. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला आहे. पुढच्या आसाची पिन काढली तेव्हा ती करंगळीच्या नखाएवढी झिजलेली निघाली. ती मी फेकली नाही. ओटीवर, जिथे बसून मी पेपर वाचतो, तिथे कोनाड्यात ठेवली आहे. ह्या दसऱ्याला माळ घालण्याआधी मी पहिल्यांदाच ट्रॅक्टरखाली आडवा झालो आणि एकेका सांध्यावरून हात फिरवला. ग्रीसने हात कोपरापर्यंत काळे झाले. बायको म्हणाली, ‘हे काय नवीन?’ मी म्हणालो, ‘खांदेमळणी.’

तो मुलगा आता काठी टाकून चालतो. पाडव्याला त्याला आणि त्याच्या आईला फराळाला बोलावले आहे. तो आला की नेहमीप्रमाणे विचारतील सगळे, ‘काय रे, चालतंय ना आता?’ वाचकहो, तो प्रश्न ऐकायला मी त्या वेळी ओटीवर नसेन.